मांड्यांची ताकद परत आली

साठी उलटल्यावर माझ्या मांड्या बारीक झाल्या, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागे. रोजच्या फिरण्याने फरक पडेना. फिजिओथेरपिस्टने समजावलं: तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर आणखी वेगाने. चालण्याने दमसास वाढतो, स्नायूंना मात्र वजनाचा ताण लागतो. मग दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीवर जोर, पुढे पायाला वाळूच्या पिशव्या बांधून व्यायाम. जमू लागलं की पिशव्यांचं वजन वाढवायचं, खरी किल्ली इथेच आहे. शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणून पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं आणि दही, जेवणात उसळ, अंडी. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) आता जिना कठड्याशिवाय चढते. व्यायाम सोडला की ताकद पुन्हा घटते, त्यामुळे तो चालूच आहे.