चार्जिंग होत नाही? आधी बॅटरीच्या नावाने बोटं मोडणं थांबवा

जुना छोटा ट्रॅक्टर सकाळी नुसता ‘टक’ करून गप्प बसला की माणूस आधी नवी बॅटरी आणतो. आठ दिवसांत तीही उतरते. मग अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) खोला, रेग्युलेटर (ती वीज आवरून बॅटरीला देणारा) बदला. या सगळ्या उद्योगात मल्टिमीटर मात्र कुणी हातात घेत नाही.

काम दोन मिनिटांचं आहे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी. इंजिन चालू करून रेस वाढवली की आकडा १३.८ ते १४.५च्या दरम्यान चढतो. चढला, तर चार्जिंगला हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे. जागचा हललाच नाही, तरच पाने बाहेर काढा.

आता माझा लाडका विषय: अर्थिंग, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा विजेचा परतीचा रस्ता. एका ओळखीच्यांनी ट्रॅक्टर हौसेने रंगवला. सगळं खोलून, घासून, दोन हात मारून. नवरीसारखा सजवला आणि महिन्याभरात बॅटरी बसायला लागली. दोन बॅटऱ्या झाल्या, नवा रेग्युलेटर झाला, मग ट्रॅक्टर माझ्याकडे आला. त्याच्यावर अल्टरनेटरऐवजी छोटा चुंबकाचा डायनामो होता. डायनामोच्या दोन्ही वायरी सुट्या करून मोजल्या, रेस देताच व्होल्टेज छान चढत होतं. म्हणजे वीज तयार होत होती, बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. वीतभर वायर घेतली, एक टोक रेग्युलेटरच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला टेकवलं. १२.३ वरचा आकडा डोळ्यांदेखत १४.१ वर गेला. अशा कित्येक रेग्युलेटरचं अर्थिंग त्यांच्या बॉडीतूनच होतं, आणि यांनी तो जाड, चकचकीत रंगावर बसवला होता. चाकूने बोल्टखालचा रंग खरवडला, काम संपलं. तेव्हापासून मी कुठलाही भाग विकत आणायला सांगण्याआधी बॅटरीपासून चेसीसपर्यंतची मायनस केबल सोडवतो, थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि तिची जागा दोन्ही पांढरी दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासतो. हिरवट बुरशी आलेलं थिंबल आवळून काही होत नाही, ते सोडवावंच लागतं.

डायनामोचीच आणखी एक गंमत. या डायनामोतून एसी निघतो, डीसी रेग्युलेटरमधून पुढे होतो. लोक मीटर डीसीवर ठेवून वायरी मोजतात, शून्य बघतात आणि चांगला डायनामो भंगारात काढतात.

दुसरी चूक बघितली की माझं डोकंच फिरतं. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. ट्रॅक्टर चालू राहिला म्हणजे म्हणे अल्टरनेटर चांगला! ही जुन्या डीसी जनरेटरच्या काळातली खोड. अल्टरनेटरवर चार्जिंग सुरू असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), रेग्युलेटर जळतात. शिकाऊ असताना मीही हा शहाणपणा केला होता. अल्टरनेटर चांगला होता हे सिद्ध झालं, पण त्याच क्षणापर्यंत. ज्यांना मीटर लावायचा कंटाळा येतो त्यांनी बॅटरी बदलत बसावं, त्यात निदान आग लागत नाही.

बाकीच्या चुका चटकन उरकतो. बेल्ट अंगठ्याने दाबून साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे. बोटांनी फिरेल इतका ढिला नको आणि बेअरिंग खाईल इतका ताणलेलाही नको. चावी फिरवल्यावर चार्जिंगचा दिवा लागतच नसेल तर आधी तो बल्ब बघा; काही अल्टरनेटर त्या बल्बमधून येणाऱ्या करंटनेच जागे होऊन वीज बनवायला लागतात. प्लस-मायनस उलटं लावलं असेल तर डायोड गेले असं धरूनच चाला. वेल्डिंग करताना बॅटरी सोडवा. मायनस आधी काढायचं, शेवटी लावायचं.

आणि चार्जिंग व्यवस्थित असूनही रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद करून मायनसची केबल काढा आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. तो पेटला तर कुठेतरी करंट गळतोय. मी पहिली सोडवतो ती अल्टरनेटरची जाड वायर. बल्ब मध्ये असल्यामुळे ती चुकून बॉडीला टेकली तरी फक्त बल्ब भगभगीत पेटेल. ती सुटताच बल्ब विझला, तर गळका डायोड सापडला.