‘डिड नॉट वेन्ट’ आणि मंडळी: इंग्रजी वाक्यातल्या या चुका टाळा

‘ही डिड नॉट वेन्ट.’ ही चूक पाठांतर कमी पडल्याने होते, असं अनेक शिक्षक सांगतात. मला ते पटत नाही. ‘तो गेला नाही’ म्हणताना ‘गेला’मधला भूतकाळ जागचा हलत नाही, मागे फक्त ‘नाही’ लागतं. इंग्रजीत नकारासाठी ‘डिड’ आणावा लागतो, आणि तो आला की भूतकाळ दाखवायचं काम त्याचं. मूळ क्रियापद साधंच राहतं: ‘ही डिड नॉट गो.’ प्रश्नातही तेच, ‘डिड यू सॉ’ चूक, ‘डिड यू सी’ बरोबर. ‘शी डज नॉट नोज’मध्येही शेवटचा ‘ज’ फुकटचा आहे, तो ‘डज’मध्ये येऊन गेलाय. लिहून झालं की ‘डिड’ किंवा ‘डज’ असलेल्या वाक्यात काळाची खूण किती ठिकाणी आहे ते बघा. दोनदा असेल तर मूळ क्रियापदावरची काढा.

दुसरा घोळ ‘पासून’चा. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’चं सरळ ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं आणि एकाच वाक्यात दोन चुका घडतात. मराठीत २०१९ पासूनही ‘पासून’च आणि पाच वर्षांपासूनही ‘पासून’च. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. शिवाय राहणं अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.’ उलट ‘काल’ आला की ‘हॅव’ नको. ‘मी त्याला काल पाहिलंय’ आपल्याकडे चालतं, तिकडे मात्र ‘आय सॉ हिम यस्टरडे’च.

‘जरी’ला ‘तरी’ हवंच, ही आपली सवय; म्हणून ‘ऑल्दो’च्या पाठोपाठ ‘बट’ येतो. दोघांपैकी एकच ठेवा.

‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ यात ‘तो कुठे आहे’ हा प्रश्नाचाच तुकडा जसाच्या तसा बसतो. इंग्रजीत मात्र प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम सरळ होतो: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज.’ नोकरीच्या ईमेलमध्ये ‘प्लीज टेल मी व्हेन इज द इंटरव्ह्यू’ सर्रास दिसतं. ‘व्हेन द इंटरव्ह्यू इज’ लिहा.

उरले विभक्तीचे हट्ट. ‘विषयी चर्चा’मुळे ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘तिच्याशी लग्न’मुळे ‘मॅरीड विथ’ येतं. ‘डिस्कस’ला काहीच जोडायचं नाही, ‘इज मॅरीड’ला ‘टू’. यामागे कारण शोधत बसू नका, क्रियापद पाठ करतानाच त्याची शेपटी, असली तर, सोबत पाठ करा.