रिव्हर्स कॅमेरा बंद पडल्यास दोष कसा शोधावा

गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकल्यावर पडद्यावर चित्र येईनासे झाले की बहुतेक जण कॅमेराच गेला असे धरून चालतात आणि नवा बसवून मोकळे होतात. प्रत्यक्षात अनेकदा कॅमेरा धडधाकट असतो आणि दोष वायरमध्ये असतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा मात्र सक्तीचा नव्हता. त्यामुळे खालच्या मॉडेलच्या कितीतरी गाड्यांत सेन्सर कंपनीचे आणि कॅमेरा बाहेरच्या दुकानात बसवलेला, अशी स्थिती आढळते. पुढील विवेचन मुख्यतः अशा बाहेरून बसवलेल्या कॅमेऱ्यांविषयी आहे.

या जोडणीत तीन मार्ग असतात. रिव्हर्स लाइटच्या वायरवरून कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो, पिवळ्या पिनेच्या केबलमधून चित्र पुढच्या स्टीरिओपर्यंत जाते आणि त्याच केबलबरोबर आलेली एक बारीक वायर, जिला ट्रिगर वायर म्हणतात, गाडी रिव्हर्समध्ये असल्याची खबर स्टीरिओला देते. यांपैकी कोणता मार्ग तुटला आहे, हे पुष्कळदा पडदाच सांगतो. पडदा बदलतच नसेल आणि गाणी किंवा नकाशा तसाच दिसत राहिला, तर ट्रिगर पोहोचत नाही. पडदा निळा किंवा काळा होऊन सिग्नल नसल्याची सूचना येत असेल, तर ट्रिगर ठीक असून पुरवठा किंवा चित्राची केबल यांत बिघाड आहे. चित्र येते पण धुरकट असते, तेव्हा मात्र आधी भिंग ओल्या मऊ कापडाने पुसावे. पुसूनही धुके आतल्या बाजूस राहिले, तर कॅमेऱ्यात पाणी शिरलेले असते आणि तो बदलणेच शहाणपणाचे ठरते.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांपुढे आणि मागे दगड लावावेत आणि इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे. रिव्हर्स गिअर टाकून दुसऱ्या कोणाला तरी मागचा पांढरा दिवा लागतो का ते पाहण्यास सांगावे. दिवाही लागत नसेल, तर कॅमेऱ्याच्या नादी न लागता आधी त्या दिव्याचा फ्यूज, नंतर बल्ब आणि शेवटी गिअरबॉक्सवरील रिव्हर्स स्विच तपासावा. फ्यूज जळालेला आढळल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच उडाला, तर कोठेतरी वायर बॉडीला टेकते आहे असे समजावे. मोठा फ्यूज घालून काम भागवू नये.

दिवा लागत असेल, तर डिकीच्या झाकणाकडे वळावे. हॅचबॅक गाडीत बॉडी आणि झाकण यांच्यामध्ये वायरी एका रबरी नळीतून जातात आणि झाकण जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा त्या तेथेच वाकतात. बाहेरून आवरण अखंड दिसते, पण आतली तांब्याची तार तुटलेली असते. नळीचे टोक हलकेच सोडवून एकेक वायर दोन बोटांत धरून अलगद ताणावी. तुटलेल्या जागी आवरण रबरासारखे लांबते. झाकण अर्धवट उघडले असता चित्र येते आणि बंद केल्यावर जाते, ही याच दोषाची हमखास खूण होय. दुरुस्तीसाठी जुनी टोके नुसती पिळून त्यांवर टेप गुंडाळू नये, कारण उन्हात टेपचा गोंद सुटतो आणि जोड उघडा पडतो. लवचीक वायरचा थोडा जास्त लांबीचा तुकडा घालून जोड डाख देऊन (सोल्डर करून) पक्के करावेत, त्यांवर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी आणि सर्व जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर ठेवावेत.

वायर अखंड असल्यास मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) २० व्होल्ट डीसीवर ठेवून कॅमेऱ्याच्या लाल-काळ्या वायरींवर विद्युतदाब मोजावा, तोही कॅमेरा जोडलेला असताना, कारण भाराविना सैल जोडसुद्धा पूर्ण दाब दाखवतो. आकडा बॅटरीच्या आकड्याच्या जवळपास असावा. तो बराच कमी आला, तर काळी वायर बॉडीवर जेथे अर्थ केली आहे तेथील गंज किंवा रंग खरवडून बोल्ट पुन्हा आवळावा. कंपनीने बसवलेल्या कॅमेऱ्याला मात्र बाहेरून १२ व्होल्ट देऊन पाहू नये, कारण त्यांतील काही ६ व्होल्टवर चालतात आणि क्षणात जळतात. वॉरंटी शिल्लक असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरवरच सोपवावे.

पुरवठा योग्य असूनही पडदा कोराच राहिला, तर दुसरी केबल सीटवरून तात्पुरती टाकून कॅमेरा थेट स्टीरिओला जोडावा. चित्र आले, तर जुनी केबल खराब आहे. दोन्ही टोके नीट बसलेली असून, पुरवठा मिळत असूनही काही दिसले नाही, तरच कॅमेऱ्यावर संशय घ्यावा, आणि तोही स्टीरिओची सेटिंग पाहिल्यावर. आजचे अँड्रॉइड स्टीरिओ साधा सीव्हीबीएस आणि अधिक स्पष्ट एएचडी असे दोन प्रकारचे सिग्नल घेतात. सॉफ्टवेअर अपडेट किंवा रीसेटनंतर ही निवड बदलली, तर चांगला कॅमेराही काळा पडदा किंवा फाटके चित्र दाखवतो. नवा कॅमेरा घेताना आपला स्टीरिओ यांपैकी कोणता सिग्नल घेतो, हे दुकानदाराला आधी सांगावे, आणि बसवून झाल्यावर डिकी दोन-चार वेळा उघडून-मिटून चित्र टिकते का ते पाहूनच पैसे द्यावेत.