ब्विंडीच्या अरण्यातील गोरिलांची गणना कशी करावी आणि तिचे आकडे कसे वाचावेत

युगांडाच्या नैर्ऋत्य भागात, काँगोच्या सीमेलगत ब्विंडी राष्ट्रीय उद्यान आहे. पर्वतीय गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत, त्यांपैकी हे एक. दुसरे विरुंगा ज्वालामुखींचे उतार. ब्विंडीला १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ जेमतेम ३३१ चौरस किलोमीटर असले, तरी तीव्र उतार, खोल दऱ्या आणि दाट झाडोरा यांमुळे दहा पावलांवर बसलेला गोरिलाही दिसत नाही. अशा अरण्यात गणना करावयाची असेल, किंवा तिचा अहवाल नीट समजून घ्यावयाचा असेल, तर येथे प्राणी मोजला जात नाही, त्याने मागे ठेवलेल्या खुणा मोजल्या जातात, हे आधी लक्षात घ्यावे.

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून केली जाणारी प्राणिगणना अनेकांच्या परिचयाची आहे. ती पद्धत ब्विंडीत निरुपयोगी ठरते, कारण गोरिलाला लागणारे बहुतेक पाणी रसदार पाला आणि देठ यांतूनच मिळते व तो पाण्यावर क्वचितच येतो. नाकावरील सुरकुत्यांवरून एकेक गोरिला ओळखता येतो खरा, पण त्यासाठी तो कळप माणसाला सरावलेला असावा लागतो. पर्यटनासाठी किंवा संशोधनासाठी सरावलेल्या कळपांची नोंद माग काढणारे कर्मचारी रोज ठेवतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न नसतो. सारे कष्ट उरलेल्या कळपांसाठी असतात.

प्रथम अरण्याचे लहान विभाग पाडावेत आणि अनेक तुकड्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ते सलग पिंजून काढावे. कळप सतत हिंडत असल्यामुळे शेजारच्या विभागातील तुकडी मागे पडली, तर एकच कळप दोनदा मोजला जातो किंवा मधल्या पट्ट्यातून निसटतो. ताजा माग सापडला की तो सोडू नये. तो कळपाच्या रात्रीच्या मुक्कामापर्यंत नेतो, आणि तेथे प्रत्येक गोरिलाने पाला व फांद्या दुमडून केलेले स्वतंत्र घरटे आढळते. एका मुक्कामावर थांबू नये; त्याच कळपाचे लागोपाठचे तीन मुक्काम शोधावेत, कारण एखाद्या रात्रीचे एखादे घरटे झुडपात दडलेले राहतेच.

घरट्यात किंवा त्याच्या काठाशी पडलेली विष्ठा ही खरी नोंदवही आहे. लेंडाची जाडी मोजपट्टीने घ्यावी. ७.२ सेंटिमीटरहून जाड लेंड आणि घरट्यात रुपेरी केस असतील, तर ते पूर्ण वाढ झालेल्या नराचे, म्हणजे सिल्व्हरबॅकचे, समजावे. ५.५ ते ७.२ सेंटिमीटर जाडी प्रौढ मादीची किंवा पाठ अजून रुपेरी न झालेल्या नराची असते, तर त्याहून बारीक लेंड वाढत्या वयाच्या पिलाचे असते. तान्हे पिलू आईच्याच घरट्यात झोपते, म्हणून मोठ्या विष्ठेशेजारी अगदी लहान विष्ठा आहे का, हे वाकून पाहावे. घाईत हमखास सुटते ते हेच. प्रत्येक घरट्यातून डीएनएसाठी नमुना घ्यावा. तो आधी सुमारे एक दिवस इथेनॉलमध्ये ठेवावा आणि नंतर सिलिका जेलच्या खड्यांवर वाळवावा; दमट हवेत नमुना टिकवण्याची ही खात्रीची रीत आहे.

नमुन्यांचा खटाटोप का करावा, याचे उत्तर २००६ च्या गणनेत मिळते. त्या वेळी प्रथमच संपूर्ण ब्विंडीतील नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली आणि संख्या ३०२ निघाली. केवळ घरटी मोजून आलेला आकडा याहून सुमारे एक दशांशाने मोठा होता. काही गोरिला एकाच रात्रीत एकापेक्षा अधिक घरटी करतात, हे त्यामागचे एक कारण होते.

ब्विंडीत चिंपांझीही आहेत आणि त्यांची घरटी झाडांवर असतात. गोरिलाही कधीकधी झाडावर घरटे करतो, त्यामुळे केवळ उंचीवरून निर्णय देऊ नये. विष्ठा आणि आजूबाजूच्या खुणाही पाहाव्यात. चिंपांझींसाठी सरळ आखलेल्या रेषेवरून चालत दिसतील ती घरटी व त्यांचे रेषेपासूनचे अंतर नोंदवतात. मग घरट्यांच्या घनतेला, एक प्राणी दिवसाला किती घरटी करतो आणि एक घरटे किती दिवस टिकते, या दोन्हींच्या गुणाकाराने भागतात. घरटे टिकण्याचा काळ पाऊस आणि झाडाची जात यांनुसार पुष्कळ बदलतो. दुसऱ्या अरण्यातील आकडा उसना घेतल्यास सारे गणितच कोसळते.

चालताना धोक्यांचीही नोंद करावी. ब्विंडीत गोरिलांसाठी सहसा कोणी फास लावत नाही. ते डुईकर नावाच्या लहान हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी असतात, पण त्यात गोरिलाचे पिलू अडकून हातापायाला कायमचे मुकू शकते. फास दिसताच स्थान नोंदवून तो काढून टाकावा. जून २०२० मध्ये रफिकी नावाचा सिल्व्हरबॅक मारला गेला, तोही लहान जनावरांच्या शिकारीसाठी शिरलेल्या माणसाच्या भाल्याने. माझ्या मते याहून मोठा धोका रोगराईचा आहे. १९९६ मध्ये येथील सरावलेल्या गोरिलांना खरूज झाली होती, आणि माणसाची साधी सर्दीसुद्धा त्यांच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे खोकणाऱ्या सहकाऱ्याला, तो कितीही अनुभवी असला तरी, अरण्यात नेऊ नये. तोंडाला मुखपट्टी असावी, किमान १० मीटर अंतर राखावे आणि स्वतःची विष्ठा खोल खड्ड्यात पुरावी. उद्यानाच्या हद्दीबाहेर लगेच शेते सुरू होतात, म्हणून पिकांत शिरलेल्या कळपांच्या तक्रारीही त्याच नोंदवहीत घ्याव्यात. १९९१ मध्ये याच अरण्यातून विस्थापित झालेल्या बट्वा समाजाचा उल्लेख ‘मानवी हस्तक्षेप’ एवढ्याच सदरात उरकणारा अहवाल मला अपुरा वाटतो.

शेवटी आकड्यांचे वाचन. २००६ मध्ये ३०२, २०११ मध्ये ४०० आणि २०१८ मध्ये, काँगोतील लगतचे साराम्ब्वे अभयारण्य धरून, ४५९. पहिल्या दोन आकड्यांवरून वाढीचा वेग वर्षाला पाच टक्क्यांहून अधिक येतो. परंतु मादी साधारण दहाव्या वर्षी प्रथम विते आणि पुढे दोन वितांत चार-पाच वर्षांचे अंतर असते, त्यामुळे केवळ जन्मांमुळे एवढी वाढ होणे कठीण आहे. २०११ मध्ये अरण्य एकदा नव्हे, दोनदा पिंजले गेले आणि पहिल्या फेरीत निसटलेले कळप दुसऱ्या फेरीत सापडले; वाढीचा काही भाग या बदललेल्या पद्धतीचा आहे. २०१८ चा आकडाही किमान संख्या सांगतो. विरुंगातील २०१५-१६ च्या गणनेतील ६०४ मध्ये तो मिळवून १,०६३ ही एकूण संख्या सर्वत्र छापली जाते. ती उद्धृत करताना दोन्ही गणनांची वर्षे वेगळी आहेत हे लिहावे, आणि स्वतःच्या अहवालात किती फेऱ्या झाल्या व किती नमुने तपासणीत वाया गेले, हे संख्येच्या शेजारीच द्यावे.