ट्रिपचे पैसे जंगलाला आणि गावाला पोचतायत का, हे बुकिंगच्या आधी कसं बघायचं

जबाबदार पर्यटन म्हटलं की लोक म्हणतात प्लास्टिक टाकायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, झालं. ते तर पाळायलाच हवं, पण माझ्या मते मूळ मुद्दा पैशाचा आहे. आपण दिलेले पैसे तिथेच राहतात की लांबच्या शहरातल्या कंपनीच्या खात्यात जातात, यावर बरंच काही ठरतं. हत्तीने शेत तुडवायचं गावकऱ्यांचं, बिबट्याने शेळी उचलायची त्यांची आणि आपण फोटो काढून निघून यायचं, मग जंगलाला लागून राहणाऱ्याने ते जंगल का म्हणून जपावं?

आणि वाटा मिळाला की चित्र बदलतं, हे घडलेलं आहे. रवांडात नॅशनल पार्कच्या पर्यटनातून येणाऱ्या कमाईतले ५ टक्के २००५ पासून आजूबाजूच्या गावांना द्यायला लागले, २०१७ मध्ये ते १० टक्के केले, आणि त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याची सोय अशी कामं झाली. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलला आणि गावकऱ्यांनी मिळून संस्था नोंदवली की त्यांच्या भागातल्या वन्यप्राण्यांवरच्या कमाईचा हक्क त्यांनाच मिळायला लागला.

तर बुकिंगच्या आधी सरळ फोन करा. मालक तिथलाच आहे का, गाईड आणि ड्रायव्हर कुठले, ते वर्षभर कामावर असतात की फक्त सीझनला, एंट्री फीमधलं गावाला काही मिळतं का आणि ते खर्च कशावर करायचं हे कोण ठरवतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पैसे मिळणं वेगळं आणि निर्णय हातात असणं वेगळं. पाण्याचंही विचारा, गावात टंचाई असताना रिसॉर्टचा स्विमिंग पूल भरलेला असेल तर तिथे राहू नका. जो खरंच काम करतोय तो आकडे, नावं, कामं धडाधड सांगतो, उलट विचारलं म्हणून खूश होतो. "आम्ही निसर्गावर प्रेम करतो" एवढंच ऐकू आलं तर दुसरीकडे बघा.

नावात इको आहे म्हणून भुलू नका, सर्टिफिकेट दाखवलं तर ते कुणी दिलंय आणि कधीपर्यंत चालू आहे ते बघा. पण एखाद्या घरगुती होमस्टेकडे सर्टिफिकेट नसेल तर लगेच नावं ठेवू नका, ते मिळवायचा खर्च छोट्या माणसाला झेपत नाही.

आता गर्दी. थायलंडच्या माया बे या बीचवर एकेका दिवशी हजारो माणसं उतरायची, तिथलं बरंचसं कोरल (प्रवाळ) मेलं, शेवटी जून २०१८ मध्ये बीच बंद करावा लागला आणि उघडला तो थेट जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात कोरल नव्याने लावलं, शार्क परत आले, आणि आता बोटींना खाडीत घुसता येत नाही, मागच्या बाजूने उतरावं लागतं. म्हणून कुठे रोजच्या माणसांवर मर्यादा असेल तर चिडू नका, ओळखीने घुसायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. जमलं तर सीझन सोडून जा आणि तीन ठिकाणी एकेक रात्र काढण्यापेक्षा एकाच ठिकाणी तीन रात्री राहा, त्याने प्रवासही कमी होतो आणि गावात खर्चही जास्त होतो.

प्राण्यांच्या बाबतीत गाईड सांगेल ते अंतर म्हणजे अंतर. रवांडात गोरिला बघायला एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त ८ माणसं आणि वेळ एक तास, कारण आपली साधी सर्दीसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकते. खोकला असेल तर स्वतःहून सांगा आणि थांबा, पैसे गेले तरी चालतील. अजून जवळ घे, जास्तीची टिप देतो असं गाईडला कधीच म्हणू नका, त्याची नोकरी जाऊ शकते आणि त्या प्राण्यालाही माणसाची भीती राहत नाही. समुद्री कासवाची पिल्लं बघायला गेलात तर फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही बंद, उजेडाने ती समुद्राची दिशा चुकतात. दुर्मिळ प्राण्याचा फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, शिकारीही तेच बघत असतात.

अजून एक, आणि हे मला फार टोचतं. काही ठिकाणी टूरमध्ये अनाथाश्रमाची भेट ठेवलेली असते, तिथे जाऊ नका. पर्यटक येतात म्हणून आईवडील असलेली मुलंसुद्धा आणून ठेवल्याची प्रकरणं उघड झाली आहेत, ऑस्ट्रेलियाने तर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी हा प्रश्न गुलामगिरीचाच प्रकार म्हणून मांडला. मुलांसाठी काही करायचंच असेल तर कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेला द्या.

परत आल्यावर रिव्ह्यू लिहिताना फक्त व्ह्यू मस्त, रूम स्वच्छ एवढं लिहून थांबू नका. गाईड गावातलाच होता, फी गावाच्या समितीकडे जाते, नियम कडक पाळतात, हे सविस्तर लिहा, आणि काही खटकलं असेल तर आधी त्यांना फोन करून सांगा, बरेचदा छोटी माणसं लगेच सुधारतात.