वकीलसाहेबांवर लेख लिहायचाय? आधी वकीलपत्र शोधा

आमच्या तालुका बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, स्मरणिकेचं संपादन गेली अकरा वर्षं माझ्या गळ्यात आहे. दर अंकात एका जुन्या वकिलावर लेख असतो. बहुधा कोर्टही गाजवलेला आणि नगरपालिकाही गाजवलेली असा गृहस्थ. लिहायला कोणीतरी ज्युनिअर असतो आणि लेखाची पहिली ओळ ठरलेली असते: ‘कै. अमुक हे निःस्वार्थी, करारी व दानशूर व्यक्तिमत्त्व होते.’ यातलं एकही विशेषण उलटतपासणीत टिकणार नाही. म्हणून यंदा लेख मागवण्याआधीच लिहून देतेय, तो कसा करायचा ते.

उदाहरणाला सार्वजनिक काका घेते. गणेश वासुदेव जोशी. १८२८ साली साताऱ्यात जन्म, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा माणूस, पण वकिली पुण्यात केली. टोपणनावावरून मुलांना ते गणेशोत्सव मंडळातले कोणी वाटतात. असो.

अशा माणसाबद्दल पहिला प्रश्न एकच विचारा: हा कोणातर्फे उभा राहिला? जन्म, शिक्षण, वकिलीची सनद हे सगळं नंतर. काकांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळतं. पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वती टेकडीवरच्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दल पुण्यात कुरबूर होती. गाऱ्हाणं सरकारपुढे न्यायचं तर पहिला आक्षेप काय येणार, हे कोणताही वकील सांगेल: तुम्ही कोण, आणि तुम्हाला लोकांच्या वतीने बोलायला कोणी सांगितलं? २ एप्रिल १८७० ला काकांच्या पुढाकाराने, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी, पुणे सार्वजनिक सभा निघाली (‘सार्वजनिक काका’ हे नाव तिच्यावरूनच), तिने सभासद होण्यासाठी अटच घातली. निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणा, मगच आत या. असे ९५ जण झाले, मागे सह्या सुमारे ६,०००. मतदानाचा हक्क कोणाला नव्हता त्या काळात! ही कल्पना वकिलाच्याच डोक्यातून येऊ शकते असं मला वाटतं. पक्षकाराची सही नसताना बोलायला उठलं तर न्यायाधीश खाली बसवतात, हे ज्याने रोज पाहिलंय त्याच्या.

तुमच्या वकीलसाहेबांचं असं मुखत्यारपत्र कुठे असेल? जुन्या निवेदनांखालच्या सह्यांत, सहकारी बँकेच्या पहिल्या सभासद नोंदवहीत, पाणीपट्टीविरुद्धच्या अर्जात. सह्या मोजा. कोणत्या आळीच्या आहेत ते बघा. कोणत्या आळीच्या नाहीत, तेही बघा आणि लिहा.

आता कोर्ट. तालुक्याचा वकील छापील लॉ रिपोर्टांत (वरच्या कोर्टांच्या निकालांच्या संग्रहांत) क्वचितच सापडतो, कारण अपिलात मुंबईचे वकील उभे राहायचे आणि नावं त्यांची छापली जायची. मग जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूमकडे वळा. जुन्या फायली नियमाप्रमाणे नष्ट झालेल्या असतात. रजिस्टर उरलं असेल तर तेवढ्यावर भागवा. काकांच्या काळापर्यंत मागे जाणार असाल तर मोडी लागेल. येत नसेल तर वाचून देणारा माणूस गाठा, अंदाजाने वाचू नका. आणि कोर्टाच्या नोटिसा बजावणाऱ्या एखाद्या निवृत्त बेलिफाला चहाला बोलवा. पक्षकार वकिलाच्या पाया पडतात, बेलिफ पडत नाही, म्हणून तो खरं सांगतो.

नगरपालिकेसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. (वकिलाला दीडशे शब्दांत थांबवणारा दुसरा नियम मला माहीत नाही.) ‘अमुक यांच्या कार्याची सर्व माहिती द्यावी’ असं मागू नका, काही मिळणार नाही. ‘अमुक ते अमुक सालची सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं पाहू द्यावीत’ असं मागा आणि स्वतः जाऊन बसा. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात कोण, हे वहीत असतं. मी एकदा हा आळस केला. घरच्यांच्या सांगण्यावरून ‘नऊ वर्षं नगराध्यक्ष’ छापलं. त्यातली सहा वर्षं उपनगराध्यक्षपदाची निघाली. ज्यांच्या हाताखाली ती सहा वर्षं काढली होती, त्यांच्या नातीचा फोन आला. पुढच्या अंकात चौकट छापावी लागली.

शहराच्या कारभारातला माणूस असेल तर तो कायदाही वाचा. फिरोजशहा मेहतांवर लिहिणारे पुतळ्याबद्दल लिहितात. मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा, जो घडवण्यात त्यांचा मोठा हात होता आणि जो आजही चालतो, तो कोणी उघडत नाही.

तत्त्वं लिहू नका, कापड लिहा. ‘काकांनी स्वदेशीचा पुरस्कार केला’ हे वाक्य मी खोडेन. १८७२ पासून ते हाताने कातलेल्या सुताचंच वापरत आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, जिथे राजेरजवाडे जरीत मढून आले होते, तिथे सभेचे प्रतिनिधी म्हणून खादीत गेले, हे ठेवेन. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते.

घरातल्या बाईंना ‘मोलाची साथ लाभली’ यात गुंडाळू नका. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई जोशींनी १८७१ मध्ये स्त्री-विचारवती सभा काढली होती, सार्वजनिक सभेनंतर वर्षभरातच. तुमच्या वकीलसाहेबांच्या पत्नीचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं विचारा. त्या काय करत, हेही विचारा.

आणि हरलेला एक तरी खटला हवाच. घरचे तो सांगत नाहीत, तुम्ही खणून काढा. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बचावाला काका उभे राहिले. काका अर्ज-विनंत्यांचे, फडके बंडाचे. रस्ते अगदी वेगळे. शिवाय असं वकीलपत्र घेणाऱ्याकडे सरकार कोणत्या नजरेने बघणार, हे कळायला सनद लागत नाही. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, फडक्यांना एडनला नेलं. म्हणजे खटला हरले. इथे बहुतेक ज्युनिअर ‘तरीही नैतिक विजय’ असं जोडतात. जोडू नका. आरोप काय, शिक्षा काय, वकील कोण, एवढं सरळ लिहा. काका पुढच्याच जुलैत, २५ तारखेला गेले. वय ५२.

लेख युनिकोडमध्ये पाठवा, आठशे शब्दांच्या वर नको. फोटो काळ्या कोटातला नको, गेल्या अकरा अंकांत तसे अकरा झालेत. अंगणात, सायकलवर, अशिलांच्या घोळक्यात, कसलाही चालेल. मात्र घोळक्यातला दिलात तर बाकीच्यांची नावंही शोधून आणा.