अनुदान हातात पडत नाही, कर्जात वळतं होतं

‘बाईच्या नावावर उद्योग काढला की सरकार पस्तीस टक्के देतं’ हे वाक्य आमच्या सिंधुदुर्गात बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. त्यात खोटं काही नाही, पण अर्धंच सांगितलं जातं. माझं कोकमाचं युनिट आहे: आमसूल, आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस), सरबत. नव्याने अर्ज करणाऱ्या बायका विचारायला येतात, तेव्हा मी आधी बँकेचं बोलते, अनुदानाचं नंतर.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचंच बघा. २००८ पासूनची ही योजना मुळात नव्या उद्योगासाठी आहे. महिला म्हणून आपण विशेष प्रवर्गात येतो, त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही. ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के, शहरात २५. दहा लाखांचा प्रकल्प असेल तर स्वतःचे पन्नास हजार घालायचे आणि साडेनऊ लाख बँक कर्ज देते. अनुदानाचे साडेतीन लाख बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी पाहणी होते. युनिट चालू दिसलं, की ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे बँक ‘नाही’ म्हणाली, तर अनुदानाचा प्रश्नच उरत नाही.

घरी आधीपासून मसाले, लोणची किंवा पापड करून विकत असाल, तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना बघा. २०२० साली आली, आपल्याकडे कृषी विभाग राबवतो आणि चालू उद्योगालाही मिळते. अनुदान ३५ टक्के, पण दहा लाखांच्या वर नाही. इथे स्वतःचा वाटा किमान दहा टक्के लागतो. प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिचं मानधन सरकार देतं. तरीही अहवालासाठी हजारो रुपये मागणारे एजंट फिरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तीसुद्धा फुकट असते, तिचेही पैसे घेतात!

दोन्ही योजनांची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती. त्यामुळे कागद जमवण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात आणि तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या, सध्या अर्ज घेतायत का.

आता बँक. शाखेत गेल्यावर साहेबांनी सगळे प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, ‘धंदा तिचा आहे, तिला विचारा.’ मग रतांब्याचा, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळाचा, भाव काय, हंगाम किती, माल कुठे विकणार, हे सगळं मी सांगितलं. कोटेशन, वीज मीटर, जागेचा भाडेकरार, सगळं शक्यतो स्वतःच्याच नावावर घ्या. नवऱ्याच्या नावाचा एक कागद मध्ये आला, की विचारणा सुरू होते.

अहवालात बहुतेकजणी यंत्रांचा आकडा मोठा लिहितात आणि खेळतं भांडवल विसरतात. आमचे रतांबे एप्रिल-मेमध्ये येतात, तेव्हाच रोख मोजून घ्यावे लागतात. सालं रसात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवायची, पाऊस लागायच्या आत. ड्रायर असला तरी फळ घ्यायला पैसे नसतील, तर तो वर्षभर झाकून ठेवायचा. आणि हप्ता मात्र दर महिन्याला. म्हणून पहिला हप्ता कधीपासून, हे मंजुरीपूर्वीच बोलून घ्या. पहिला माल विकून पैसे हातात येतील एवढी सवलत मागा. मागितली नाही, तर कोणी आपणहून देत नाही.

मुद्रा हे निव्वळ कर्ज आहे, त्यात अनुदान नाही; मार्च २०२५ पर्यंत चाललेलं स्टँड-अप इंडियाही तसंच होतं. लोक सगळं एकाच पिशवीत भरतात, म्हणून सांगते. खरं थेट अनुदान म्हणावं असं राज्य सरकारच्या अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत मिळतं, एक ते पंचवीस लाख. पण त्यासाठी केंद्राची स्टार्टअप मान्यता, महिलेचा ५१ टक्के वाटा आणि वर्षाला किमान दहा लाखांची उलाढाल लागते. घरगुती पापडवालीला ते लगेच जमणारं नाही.

कर्जाचा धसका असेल, तर गटातून अन्न प्रक्रिया करणाऱ्या बाईला सदस्यामागे चाळीस हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं. बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या ‘उमेद’ अभियानाच्या प्रभाग समन्वयकाला विचारा. तेही गटाकडे फेडायचंच असतं, पण तिथे तारण मागत नाहीत आणि बोलायला समोर आपल्याच बायका असतात.